डोळ्याच्या खोबणीतील व मेंदूतील गाठी : साधी कोणती, घातक कोणती?

गाठ हा शब्द कानावर पडला की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साधी आहे की कॅन्सरची?" उत्तर "साधी" असे आले की घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. "कॅन्सर" असे आले की अर्धे घर रडू लागते आणि उरलेले अर्धे घर देवऋषाचा पत्ता विचारू लागते. शरीराच्या बऱ्याच भागांत हा प्रश्न योग्यच आहे. परंतु डोळ्याची खोबण आणि मेंदू या दोन शेजाऱ्यांच्या बाबतीत तो अपुरा पडतो. येथे साधी म्हटलेली गाठ माणसाची दृष्टी घालवू शकते आणि काढल्यावरही पंधरा-वीस वर्षांनी परत येऊ शकते. उलट, लहान मुलांच्या डोळ्यात होणारा एक कर्करोग वेळेवर सापडला तर बहुतेक सर्व मुले वाचतात. हे असे का होते, हे समजावून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. आम्ही डॉक्टर नाही, कला शाखेचे पदवीधर आहोत. त्यामुळे वैद्यकातील अवघड शब्द शक्यतो टाळून सांगणार आहोत. विद्यार्थी वाचकांसाठी एक-दोन ठिकाणी मात्र थोडे खोलात शिरलो आहोत.

प्रथम जागा पाहू. डोळ्याची खोबण म्हणजे सात हाडांच्या जुळणीतून झालेली, मागे निमुळती होत जाणारी पोकळी होय. तिची एकूण जागा सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या लहान बाटलीएवढी. तेवढ्यात डोळा, तो फिरविणारे स्नायू, रक्तवाहिन्या, नसा आणि चरबी हे सर्व बसविलेले असते. खोबणीचे छत पातळ हाडाचे असून त्याच्यावर थेट मेंदूचा पुढचा भाग टेकलेला असतो. नाकाकडील भिंत तर कागदासारखी पातळ आहे. या भिंतींना भोके आणि फटीही आहेत. त्यांपैकी एका हाडाच्या बोगद्यातून दृष्टीची नस मेंदूकडे जाते, आणि शेजारच्या फटीतून डोळा हलविणाऱ्या नसा येतात. हा शेजार किती जवळचा आहे हे महाराष्ट्राने २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर पाहिले. काळी बुरशी म्हणून जिचे नाव घरोघरी पोचले ती म्युकरमायकोसिस गाठ नव्हे, बुरशी होय. पण तिचा रस्ता हाच होता. नाकातून सायनसच्या पोकळीत, तेथून पातळ हाड ओलांडून खोबणीत आणि खोबणीतून मेंदूत. मेंदू वाचविण्यासाठी अनेकांचा डोळा काढावा लागला तो याच कारणाने.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. दृष्टीची नस ही हातापायांच्या नसांसारखी साधी नस नाही. ती मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. मेंदूभोवती तीन वेष्टने असतात. बाहेरचे चामड्यासारखे जाड, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे नाजूक आणि आतले मेंदूला चिकटून बसलेले. हीच तीन वेष्टने दृष्टीच्या नसेवरही थेट डोळ्याच्या पाठीपर्यंत चढविलेली असतात, आणि मेंदूभोवतीचे पाणीही त्यांच्यामधून नसेभोवती खेळत असते. म्हणजे वेष्टनांत होणारी मेंदूची गाठ खोबणीतही होऊ शकते, आणि डोळ्यात झालेली गाठ या नसेच्या वाटेने मेंदूत जाऊ शकते. रस्ता एकच, वाहतूक मात्र दुहेरी.

आता साध्या गाठीकडे वळू. मेंदूच्या मधल्या वेष्टनातील पेशींपासून जी गाठ होते तिला मेनिंजिओमा म्हणतात. हे नाव हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने १९२२ साली दिले, आणि लुईझ आयझेनहार्ट या सहकारी बाईंसोबत १९३८ साली या एकाच गाठीवर मोठा ग्रंथ लिहिला. मेंदू व त्याच्या वेष्टनांत मुळात उगम पावणाऱ्या गाठींपैकी एक तृतीयांशाहून अधिक मेनिंजिओमा असतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्यांचे प्रमाण सुमारे दुप्पट आहे. जागतिक आरोग्य संघटना त्यांचे तीन दर्जे करते. बहुसंख्य गाठी पहिल्या दर्जाच्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या व शरीरात इतरत्र न पसरणाऱ्या असतात. याच त्या "साध्या" गाठी. कवटीत दुसऱ्या कारणासाठी फोटो काढला आणि अशी लहानशी गाठ योगायोगाने दिसली तर कित्येकदा डॉक्टर काहीच करीत नाहीत, ठरावीक काळाने फक्त पाहत राहतात. हा निष्काळजीपणा नव्हे. तोही उपचाराचाच एक प्रकार आहे.

पण साधेपणा पेशींचा असतो, जागेचा नसतो. डोळ्याच्या मागे व बाजूला स्फिनॉइड नावाचे, पंख पसरलेल्या वटवाघळासारखे हाड आहे. त्याच्या पंखावरील वेष्टनात मेनिंजिओमा झाला तर तो कधीकधी लाडवासारखा गोल न वाढता भाकरीसारखा पसरत जातो. शिवाय त्याच्या पेशी हाडातल्या बारीक वाटांत शिरतात आणि हाड जाड होऊ लागते. जाड झालेले हाड खोबणीत घुसते. तीस मिलिलिटरच्या पोकळीत जागा उरत नाही, आणि डोळ्याला जाण्यासाठी एकच मोकळी बाजू असते, ती म्हणजे पुढची. डोळा हळूहळू बाहेर येतो. दुखत नाही, लाल होत नाही. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही. चार वर्षांनी भेटलेल्या मावशीला कळतो. आमच्या परिचयातील एका बाईंच्या चष्म्याचा नंबर तीन वर्षांत तीनदा बदलला होता. पापणी जड वाटते, एका डोळ्याचे रंग फिके दिसतात, ही तक्रार वयावर ढकलली गेली. शेवटी लग्नातील जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवल्यावर घरच्यांच्या लक्षात आले की एक डोळा पुढे आला आहे. हाडाच्या बोगद्यात दृष्टीची नस आवळली गेली होती. गाठ "साधी" होती, हे पुढे तपासणीत सिद्धही झाले. पण गेलेली नजर पूर्ण परत आली नाही.

अशा गाठीवर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. मेंदूचे व डोळ्याचे शल्यविशारद मिळून कवटीच्या बाजूने शिरतात, जाड झालेले हाड ड्रिलने झिजवितात, बोगद्याचे छत उघडून नस मोकळी करतात आणि वेष्टनाचा रोगट भाग कापून काढतात. येथे सामान्य माणसाला एक गोष्ट पटत नाही. डॉक्टर म्हणतात, "थोडी गाठ मुद्दाम ठेवली आहे." पोट उघडून अर्धे काम करून शिवले तर आपण काय म्हणू? पण डोळ्याच्या मागील फटीत आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्ताच्या पोकळीत डोळा हलविणाऱ्या नसा व मेंदूला रक्त पुरविणारी मोठी धमनी एकमेकींना लागून असतात. तेथील शेवटचा कण खरवडायला जावे तर डोळा कायमचा थिजतो, किंवा त्याहून वाईट काही घडते. म्हणून शहाणा सर्जन तेथे थांबतो. आमच्या मते, काय काढले यापेक्षा कोठे थांबले हे सांगणाऱ्या डॉक्टरवर अधिक विश्वास ठेवावा.

अर्थात, थांबण्याची किंमत असते. डोनाल्ड सिम्प्सन यांनी १९५७ साली मेनिंजिओमाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला व गाठ किती काढली यावरून पाच पायऱ्या ठरविल्या. गाठ, तिच्या मुळाचे वेष्टन व रोगट हाड असे सर्व काढले तेव्हा ९ टक्के रुग्णांत ती परत आली. गाठ पूर्ण काढून वेष्टन नुसते जाळून घेतले तेव्हा हे प्रमाण १९ टक्क्यांवर गेले. दृश्य गाठ दोन्हीकडे सारखीच काढलेली होती, हे लक्षात घ्यावे. फरक डोळ्यांना न दिसणाऱ्या मुळांचा होता. सिम्प्सनच्या पायऱ्या आजही वापरात आहेत.

परत येण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे सेनानी लेनर्ड वुड यांचे आहे. त्यांची गाठ खोबणीजवळ नव्हे, डोक्याच्या वरच्या बाजूस होती. पण जात हीच. १९१० साली, ते लष्करप्रमुख असताना, कुशिंग यांनी ती काढली. त्या काळात कवटी उघडणे म्हणजे मरणाच्या दारात जाणे होते. वुड मात्र बरे झाले, कामावर परतले, १९२० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडले आणि १९२१ पासून फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल होते. गाठ परत आली. १९२७ साली पुन्हा कुशिंग यांनीच शस्त्रक्रिया केली, आणि त्यानंतर लगेचच वुड यांचा मृत्यू झाला. सतरा वर्षे कर्तबगारीची मिळाली हे खरे, पण साधी गाठ सतरा वर्षांनीही हिशेब मागते हेही तितकेच खरे.

वुड यांच्या काळी नसलेली काही साधने आज आहेत. सी. टी. स्कॅनने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र १९७१ साली लंडनमध्ये घेतले गेले, त्यानंतर एम. आर. आय. आले. हाडाची जाडी पाहण्यास पहिले आणि वेष्टनावरील पसरण व नस पाहण्यास दुसरे उपयोगी, म्हणून डॉक्टर दोन्ही करावयास सांगतात. त्यात पैसे उकळण्याचा हेतू असतोच असे नाही. मागे ठेवलेल्या तुकड्यावर किरणोपचार देता येतात. स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली चाकूविना शस्त्रक्रियेची कल्पना मांडली, आणि त्यातून गॅमा नाइफ हे यंत्र निघाले. त्यात चाकू नसतोच. कोबाल्टचे सुमारे दोनशे बारीक किरण निरनिराळ्या दिशांनी एका बिंदूवर आणतात. एकेक किरण वाटेत फारशी इजा करीत नाही, जेथे सगळे मिळतात तेथे मात्र गाठ भाजून निघते. परंतु हा एकदम मोठा मारा दृष्टीच्या नसेला सोसत नाही. म्हणून गाठ नसेला चिकटलेली असेल तर थोडे थोडे किरण पाच-सहा आठवडे रोज देतात. नसेच्या वेष्टनातच मेनिंजिओमा झाला असेल तर हाच मार्ग पहिला मानला जातो, कारण ती गाठ सोलून काढली तर नसेचा रक्तपुरवठा तुटतो आणि डोळा आंधळा होतो. शस्त्रक्रिया यशस्वी, नजर गेली, असा तो प्रकार होईल.

सर्वच मेनिंजिओमा असे सौम्य नसतात. काही वेष्टन सोडून मेंदूच्या पेशींतच शिरतात. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सूक्ष्मदर्शकाखाली अशी घुसखोरी दिसली तर तेवढ्यावरूनच गाठीला दुसरा दर्जा देतात. मग किरणोपचार व तपासणी अधिक कडक होते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजीचा अहवाल घेऊन त्यातील दर्जा विचारावा. स्त्रियांनी आणखी एक लक्षात ठेवावे. काही संप्रेरकांची औषधे दीर्घकाळ घेतल्यास या गाठीची शक्यता वाढते असे दिसून आले आहे. सायप्रोटेरोन या औषधावर युरोपात २०२० साली याच कारणाने निर्बंध आले. प्रत्यक्ष धोका लहान आहे, घाबरून आपल्या मनाने औषध बंद करू नये. पण अशी गाठ असलेल्या बाईने आपण कोणत्या गोळ्या व इंजेक्शने घेतो हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आता दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे ज्याच्या नावातच कर्करोग आहे त्याकडे येऊ. लहान मुलाच्या डोळ्याच्या आतील पडद्यावर होणारी गाठ म्हणजे रेटिनोब्लास्टोमा. सुमारे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका मुलास ती होते, आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. आपल्या देशात जन्मच एवढे की दरवर्षी दीड ते दोन हजार नवी मुले या रोगाची सापडतात असा अंदाज आहे. चिन्ह साधे आहे. काळ्याभोर बाहुलीत पांढरी चमक दिसते, संध्याकाळच्या उजेडात मांजराच्या डोळ्यासारखी. फ्लॅश लावून फोटो काढला तर एका डोळ्यात लाल ठिपका आणि दुसऱ्यात पांढरा येतो. काही मुलांत प्रथम तिरळेपणा दिसतो. आपल्याकडे काही घरांत तिरळेपणा भाग्याचा मानतात, तर पांढऱ्या चमकेवर कोणी मध घालतात, कोणी दृष्ट काढतात. या प्रकारांबद्दल आम्हाला राग येतो तो श्रद्धेमुळे नव्हे, वेळेमुळे.

वेळेचा प्रश्न असा आहे. गाठ डोळ्याच्या गोळ्यात असते तोवर ती कुलूपबंद खोलीत असते. तेथून तिला बाहेर पडण्याच्या वाटा मोजक्या. डोळ्याच्या पांढऱ्या कवचातून खोबणीत, आतील रक्ताळ थरातून रक्तात व हाडांच्या मगजात, आणि वर सांगितलेल्या दृष्टीच्या नसेतून मेंदूच्या पाण्यात. डोळ्यात असताना उपचार मिळाले तर प्रगत देशांत शंभरांपैकी पंच्याण्णवांहून अधिक मुले वाचतात. मेंदूपर्यंत पोचल्यावर फारच थोडी. २०१७ साली रोगनिदान झालेल्या १५३ देशांतील ४,३५१ मुलांची पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. श्रीमंत देशांत निदानाच्या वेळी मुलाचे वय साधारण १४ महिने होते, गरीब देशांत ३० महिन्यांवर. श्रीमंत देशांत शंभरात एक-दोन मुलांची गाठ डोळ्याबाहेर गेलेली होती. गरीब देशांत जवळजवळ निम्म्या मुलांची. रोग एकच. सोळा महिन्यांचा फरक.

ही गाठ का होते, हा इतिहास विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचण्यासारखा आहे. १९७१ साली अमेरिकेत आल्फ्रेड नडसन या डॉक्टरांनी प्रयोगशाळेत न जाता, रुग्णालयातील ४८ मुलांच्या नोंदी घेऊन केवळ वयांचे गणित मांडले. खातेवह्यांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांना या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेली मुले लवकर आजारी पडत, एका डोळ्यातल्या उशिरा. त्यावरून त्यांनी तर्क केला की पेशीत वाढीला आवर घालणारे काहीतरी जोडीने असते, सायकलच्या दोन ब्रेकसारखे. दोन्ही निकामी झाले तरच गाठ होते. काही मुलांचा एक ब्रेक जन्मतःच गेलेला असतो, म्हणून त्यांना गाठ लवकर व दोन्ही डोळ्यांत होते. इतरांचे दोन्ही ब्रेक योगायोगाने एकाच पेशीत जावे लागतात. १९८६ साली तेराव्या गुणसूत्रावरील तो जनुक वेगळा काढला गेला व तर्क खरा ठरला. सुमारे ४० टक्के मुलांत हा दोष उपजत असतो. त्या मुलाच्या पुढील संततीत तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे एका मुलाला हा रोग झाला तर त्याच्या लहान भावंडांचे डोळे, दिसायला कितीही चांगले असोत, बाहुली मोठी करून तपासून घ्यावेत.

उपचारांबाबत एक नियम इतर कर्करोगांच्या उलट आहे. येथे सुई घालून तुकडा काढून तपासत नाहीत, कारण सुईच्या भोकातून कुलूप फुटते. डॉक्टर मुलाला भूल देऊन डोळ्यात पाहून व एम. आर. आय. करून ठरवितात. "रिपोर्टशिवाय कॅन्सर कसा म्हणता?" असा वाद कोणी घालू नये. लहान गाठी लेसरने जाळतात किंवा गोठवितात. मोठ्या गाठी केमोथेरपीने आधी आकसवितात. २००६ पासून न्यूयॉर्कमध्ये डोळ्याच्या धमनीत बारीक नळी घालून औषध थेट तेथेच सोडण्याची पद्धत सुरू झाली, आणि ती आता भारतातील काही मोठ्या रुग्णालयांतही आहे. डोळ्याच्या भिंतीवर किरणोत्सर्गी चकती काही दिवस शिवून ठेवण्याचाही उपाय आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनातून निघालेल्या रुथेनियमपासून अशा चकत्या देशातच तयार केल्या. बाहेरून मोठ्या भागावर किरण देण्याचे पूर्वी फार प्रमाण होते. ज्यांचा ब्रेक जन्मतःच गेला आहे त्यांना त्या जागी पुढे दुसरा कर्करोग होतो असे आढळल्यावर ते शक्यतो टाळतात.

आणि कधी डोळा काढावाच लागतो. १८०९ साली स्कॉटलंडचे जेम्स वॉर्ड्रॉप यांनी हा सल्ला दिला तेव्हा भूल देण्याचे औषधही नव्हते. आज ती तासाभराची शस्त्रक्रिया आहे. डोळ्यामागील नसेचा शक्य तेवढा लांब तुकडा सोबत काढतात व त्याचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. टोक स्वच्छ असेल तर रस्ता वेळीच बंद झाला. टोकाशी पेशी सापडल्या, किंवा गाठ आधीच खोबणीत उतरली असेल, तर चढ्या मात्रेची केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, किरणोपचार व पुन्हा केमोथेरपी असा लांबचा क्रम चालतो. डोळा काढू म्हटल्यावर आईबाप मुलाला घेऊन निघून जातात, आणि सहा महिन्यांनी परत येतात ते डोळा खोबणीबाहेर आलेला घेऊन. त्यांना दोष देणे सोपे आहे. मुलीचे पुढे लग्न कसे होईल, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांपुढे असतो. त्यांना कोणीतरी कृत्रिम डोळा बसविलेले मूल दाखविले पाहिजे. तो डोळा दुसऱ्या डोळ्याच्या रंगाशी जुळवून करतात, आणि वर्गातील मुलांना बहुधा कळतही नाही.

पैशाबद्दल थोडेसे. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव असलेली जन आरोग्य योजना आहे. कर्करोगावरील उपचार आणि मेंदूच्या कित्येक शस्त्रक्रिया तिच्यात येतात. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचेच काम करते. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच भेटावे. मागाहून मंजुरी मिळविणे त्रासाचे होते. रेशनकार्डावरील नाव व आधारवरील नाव यांत एका अक्षराचाही फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा, विशेषतः मुलाचे नाव चढविलेच नसेल तर. सर्व कागद एका फाइलीत ठेवावेत, आणि स्कॅनच्या जुन्या फिल्म व सी. डी. रद्दीत देऊ नयेत. मेनिंजिओमाचा रुग्ण असो की डोळ्याच्या गाठीचे मूल, तपासणी वर्षानुवर्षे चालू राहते, आणि नव्या फिल्मशेजारी जुनी फिल्म धरल्याशिवाय मागे ठेवलेला तुकडा वाढला की तसाच आहे, हे सांगणे डॉक्टरांनाही अवघड जाते.